एमटीबीची (माउंटन बाइकची) चेन-कॅसेट लवकर झिजली : वॉरंटीचा दावा, ग्राहक आयोगाकडील तक्रार आणि लागणारी कागदपत्रं

नवी चेन बसवून घेताना जुनी चेन आणि जुनी कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चाकांचा संच) दुकानात सोडून येऊ नका. मेकॅनिक सवयीने ती भंगाराच्या डब्यात टाकतो आणि दाव्याचा मुख्य पुरावा त्याच दिवशी संपतो. दोन्ही भाग न धुता, न पुसता पिशवीत घाला. पिशवीवर तारीख आणि तोवर झालेले किलोमीटर लिहा आणि ती घरी आणा. कंपनी म्हणेल "आम्हाला पाठवा", तर आधी फोटो आणि मापं काढा, मग भाग द्या आणि मिळाल्याची सही घ्या.

आधी ठरवा : झीज की दोष

गिअर-चेन बनवणारी शिमानो असो वा स्रॅम, दोन्ही कंपन्यांच्या लेखी वॉरंटीत नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळलेली असते. चेन, कॅसेट, चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक), जॉकी व्हील (मागे चेन ताणून धरणारी छोटी चाकं) हे सगळे झिजण्यासाठीच असलेले भाग मानले जातात. त्यामुळे "चेन तीन महिन्यांत गेली" एवढ्याच मुद्द्यावर केलेला दावा जवळपास नेहमी फेटाळला जातो, आणि कागदावर तो फेटाळणं चुकीचंही नसतं. पावसाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याला किंवा मुळशीकडच्या कच्च्या रस्त्यांवर मुरुमाचा चिखल चेनमध्ये जातो. तो पिन आणि रोलरच्या मधे सँडपेपरसारखा घासत राहतो. त्यातच गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुतली, किंवा चेन रॉकेलमध्ये बुडवून पुन्हा तेल न देता चालवली, तर चांगली चेनही काहीशे किलोमीटरमध्ये ताणली जाते. असा दावा करून वेळ घालवू नका.

दावा टिकतो तो झिजेच्या कारणावर. हे कारण ओळखायला दोन-तीन मापं पुरतात.

चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच असतं. अशी सलग २४ अंतरं मोजली की नवी चेन ३०४.८ मिमी भरते. ०.५ टक्के ताण, म्हणजे लांबीतली वाढ, झाली तर साधारण ३०६.३ मिमी आणि ०.७५ टक्के म्हणजे ३०७.१ मिमी. अकरा-बारा स्पीडची (मागे तितके गिअर असलेली) चेन ०.५ टक्क्यांवर बदलावी, आठ ते दहा स्पीडची ०.७५ पर्यंत चालते. स्टीलची पट्टी घ्या आणि चेन ताणलेली असताना चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजा. ही चारची अट महत्त्वाची आहे. चारही ठिकाणी सारखाच ताण असेल तर ती झीज समजा. तीन ठिकाणी चेन ठीक आणि एकाच पट्ट्यात जास्त ताण असेल, एखादी कडी अडकत असेल, बाहेरच्या पट्टीला तडा गेला असेल किंवा पिन एका बाजूला सरकली असेल, तर चेनमध्ये दोष असण्याची शक्यता मोठी. मात्र ती पिन दुकानात चेन टूलने दाबलेली असेल तर प्रश्न कंपनीचा नाही, बसवणाऱ्याचा आहे. खिशातल्या एकट्या चेन चेकरवर (झीज मोजायच्या पट्टीवर) भिस्त ठेवू नका. दोनच टोकांवर मोजणारे चेकर रोलरचा ढिलेपणाही ताणातच धरतात आणि आकडा फुगवतात.

कॅसेटकडे बघतानाही असंच. दात झिजून शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकले असतील तर ती झीज. दात तुटलेला असेल आणि तुटलेला भाग दाणेदार दिसत असेल, तर धातूबद्दल विचारायला जागा आहे. फक्त ११-१३ दातांची लहान चाकं गेली असतील तर बहुधा त्याच गिअरमध्ये जास्त चालवलं गेलंय. मोठ्या अॅल्युमिनियमच्या चाकाची किंवा चेनरिंगची एकच बाजू खरवडलेली असेल, तर चेन सरळ धावत नाही. मग हँगर, फ्रेमचा मागचा भाग किंवा बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो भाग) तपासायला हवं.

माझ्या मते याच तपासणीवर बहुतेक खरे दावे उभे राहतात. डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) फ्रेमच्या ज्या छोट्या पट्टीला, म्हणजे हँगरला, लागतो ती पट्टी वाकली असेल तर चेन तिरकी धावते आणि सगळे भाग घासतात. हँगर अलाइनमेंट गेज रिमवर वर, खाली, पुढे, मागे फिरवून बघतात. फरक साधारण ४ मिमीच्या आत असावा. खोक्यातून आलेली सायकल डीलरनेच जोडलेली असते. हँगर खोक्यात वाकला आणि जोडताना कोणी तपासला नाही, तर कायद्याच्या भाषेत ती "सेवेतील त्रुटी" आहे, मालातला दोष नाही. चेनची लांबी चुकणं, डिरेलरचं कॅसेटपासूनचं अंतर ठरवणारा बी-स्क्रू चुकीचा लावणं, दहा स्पीडच्या कॅसेटवर भलतीच चेन चढवणं हेही याच खात्यात जातं. म्हणजे जबाबदार डीलर. हा फरक तक्रारीत नीट मांडला तर "ही झीज आहे" हे एकच उत्तर पुरत नाही.

दावा कोण करू शकतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे पैसे देऊन वस्तू घेणारा ग्राहक आहे, आणि त्याच्या संमतीने ती वापरणाराही. त्यामुळे बिल वडिलांच्या नावावर आणि सायकल मुलीची असली तरी अडचण नाही. तक्रार शक्यतो बिलावरच्या नावानेच करा. पुन्हा विकण्यासाठी किंवा भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या सायकली यात बसत नाहीत. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर बसतात.

कंपनीच्या वॉरंटीची पात्रता मात्र याहून कडक असते. बहुधा फक्त पहिला मालक, मूळ बिल असलेला, आणि भाग अधिकृत डीलरकडून घेतलेला. सेकंडहँड सायकल घेतली असेल तर वॉरंटी पुढे चालत असल्याचं लेखी मागा. नाही म्हणाले तर कंपनीवर वॉरंटीचा दावा धरू नका. ऑनलाइन मागवून घरीच जोडलेल्या सायकलीवर काही ब्रँड वॉरंटीच देत नाहीत. अटी आधी वाचा.

पहिला टप्पा : डीलर आणि आयातदार

तोंडी सांगून येऊ नका. सायकल दुकानात द्या आणि जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा : किती किलोमीटर, कोणत्या गिअरमध्ये चेन उडते, चार ठिकाणचं माप. "जनरल सर्व्हिस" असं लिहिलेलं जॉब कार्ड नंतर तुमच्याच विरोधात जातं. दोष अमान्य केला तर कारण लेखी मागा. दुकान लिहून द्यायला तयार नसेल, तर त्याच दिवशी घरी येऊन ईमेल करा : आज अमुक वेळी आलो, अमुक सांगितलं, दुकानाने अमुक उत्तर दिलं. अशा ईमेलला नंतर चांगलं वजन येतं.

परदेशी भागांसाठी खोक्यावरचं लेबल बघा. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारींचा संपर्क छापलेला असतो. डीलर "कंपनीला पाठवलंय" म्हणत राहतो तेव्हा हा पत्ता उपयोगी पडतो. ई-कॉमर्स संकेतस्थळावरून घेतलं असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते.

यानंतर १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस डीलर आणि आयातदार दोघांनाही पाठवा. वकिलाची सही सक्तीची नाही, तुमच्या सहीची चालते. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याची ऑनलाइन नोंद छापून ठेवा, काही महिन्यांनी ती दिसेनाशी होते. नोटिशीत रागाचे शब्द नकोत, मापं हवीत. एक नमुना :

"दि. ___ रोजी आपल्या दुकानातून सायकल, फ्रेम क्रमांक ___, बिल क्रमांक ___ अन्वये घेतली. ___ कि.मी. वापरानंतर चेन चार ठिकाणी मोजली असता अनुक्रमे ___, ___, ___, ___ मिमी भरली. हँगर गेजवर रिमच्या वर व खाली ___ मिमी फरक आढळला. सायकल आपणच जोडून दिली असून तेव्हापासून पडलेली वा आदळलेली नाही. हँगर सरळ करून अथवा बदलून, त्यामुळे झिजलेली चेन, कॅसेट व चेनरिंग विनामूल्य बदलून द्यावी."

फ्रेम क्रमांक बहुतेक सायकलींवर बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढा. "पडलेली नाही" हे खरं असेल तरच लिहा. हँगर आणि डिरेलरच्या बाहेरच्या बाजूचे ओरखडे कोणताही मेकॅनिक दोन मिनिटांत ओळखतो, आणि एक खोटं वाक्य पकडलं गेलं की उरलेली तक्रारही पडते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन

१९१५ वर फोन करा किंवा ८८००००१९१५ वर व्हॉट्सअॅप करा. तक्रार नोंदवल्यावर क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण मोठ्या ब्रँडच्या बाबतीत या पायरीवर बऱ्याचदा मार्ग निघतो. छोट्या दुकानाच्या बाबतीत फारशी आशा ठेवू नका. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

जिल्हा ग्राहक आयोग

पुण्यात राहत असाल किंवा पुण्यात नोकरी-व्यवसाय करत असाल, तर सायकल बंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली असली तरी तक्रार पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करता येते. मोजली जाते ती दिलेली किंमत, मागितलेली भरपाई नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या किमतीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे. त्यामुळे बहुतेक सगळ्या सायकलींसाठी फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते.

मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. इथे बरेच जण चुकतात. कंपनीशी ईमेलची देवाणघेवाण चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. दोष लक्षात आल्याची किंवा दावा पहिल्यांदा लेखी नाकारल्याची तारीख वहीत लिहा आणि तिथून मोजा. उशीर झालाच तर विलंब माफीचा वेगळा अर्ज सबळ कारणासह जोडावा लागतो.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर मोबाइल आणि ईमेलने नोंदणी करून भरता येते. कागद पीडीएफमध्ये, वाचता येतील असे स्कॅन करा. थर्मल प्रिंटचं बिल दीड वर्षात पुसट होतं, म्हणून खरेदीच्या दिवशीच त्याची फोटोकॉपी काढलेली बरी. सोबत हे लागतं :

तक्रार अर्ज, पानांची अनुक्रमणिका आणि तारीखवार घटनाक्रम. अर्जातला मजकूर खरा असल्याचं नोटरी केलेलं शपथपत्र. ओळखपत्र आणि पुण्याच्या पत्त्याचा पुरावा. जीएसटी बिल आणि पैसे भरल्याची नोंद. वॉरंटी कार्ड किंवा त्या तारखेला असलेल्या अटींची प्रत. सगळी जॉब कार्डं. फ्रेम क्रमांक, चेन आणि दातांचे पट्टी धरून काढलेले फोटो. जीपीएस अॅपमधली किलोमीटरची नोंद. तेल, क्लीनर आणि सर्व्हिसची बिलं. नोटीस, तिची पोच आणि आलेलं उत्तर.

तेलाची बिलं वाचून आश्चर्य वाटेल. पण "निगा राखली नाही" हा कंपनीचा पहिला बचाव असतो आणि दोनशे रुपयांच्या ल्यूबच्या बाटलीचं बिल तो बराच सैल करतं.

जाबदेणार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, म्हणून डीलर आणि आयातदार दोघांनाही घाला. एकालाच घातलं तर तो बोट दुसऱ्याकडे दाखवतो आणि दुसरा समोर नसतो. मागणी नेमकी करा : भागांची किंमत, मजुरी, तक्रारीचा खर्च आणि त्रासापोटी माफक रक्कम. आठ हजारांच्या कॅसेटसाठी दोन लाखांची मागणी अर्जाचं वजन कमी करते.

दाखल करून घेण्याबाबतचा निर्णय साधारण २१ दिवसांत व्हायला हवा. नोटीस मिळाल्यावर जाबदेणाऱ्याला म्हणणं मांडायला ३० दिवस, आणि जास्तीत जास्त आणखी १५. दोन्ही बाजू तयार असतील तर प्रकरण मध्यस्थीला जातं. झिजलेल्या भागांच्या वादात मध्यस्थी नाकारू नका. अर्ध्या किमतीत नवी कॅसेट आणि मोफत हँगर मिळत असेल तर तो सौदा वाईट नाही.

दोष डोळ्यांना दिसत नसेल तर कलम ३८ नुसार आयोग नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाला ४५ दिवस, आणि चाचणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. तडा, तुटका दात, धातूचा कडकपणा यांसाठी ही चाचणी उपयोगी आहे. वाकलेल्या हँगरसाठी गरज नाही. तिथे विकत घेतलेल्या दुकानाशी संबंध नसलेल्या जाणत्या मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि शपथपत्र अधिक कामाचं. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची आहे, हे लक्षात ठेवूनच कागद लावा.

कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, चाचणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, आणि ज्याने पैसे द्यायचे आहेत त्याला अपिलासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. मुदत संपूनही आदेश पाळला नाही तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. भाग बदलून देण्याचा आदेश झाला तर जुना भाग परत मागितला जाऊ शकतो, तेव्हा ती पिशवी तोवर माळ्यावर असू द्या.