लोंढा आणि लाट

गेल्या पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून पाणी बघत होतो. सांगलीत हे एक कामच असतं. कोयनेतून विसर्ग वाढला की संध्याकाळी अर्धं गाव घाटावर आणि पुलावर येतं, पाणी किती फुटांवर आलं ते बघतं आणि घरी जाऊन तोच आकडा शेजाऱ्याला सांगतं. शेजारीही तो बघूनच आलेला असतो. शेजारी उभा असलेला दोस्त म्हणाला, "काय मर्दा, वीस वर्षांमागं ह्याच पाण्यात उड्या मारत होतास. आणि आता गोव्याला जाऊन, पैसे मोजून लाटेवर पडायला शिकतोयस? पाणी ते पाणीच की."

गोव्याला मी सर्फिंग शिकत होतो, म्हणजे बोर्डावर, एका लांब फळीवर, उभं राहून लाटेवरून घसरायचं. पाणी ते पाणीच, हे मलाही तसंच वाटत होतं. आम्ही पाठीला डबा बांधून कृष्णेत शिकलो, मग ट्रकच्या इनरवर, मग उघड्या हातांनी. पोहणं येतं म्हणजे समुद्रही येणारच, त्यात काय शिकायचं? हा भ्रम उतरायला तीन दिवस, छातीवर उठलेले ओरखडे आणि नाकातोंडात गेलेलं बरंच खारं पाणी लागलं.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगतो. कमरेएवढ्या पाण्यात बोर्डवर पालथा पडलो. मागून लाट येताना दिसली. पुरात उडी मारल्यावर आपण काय करतो? अंग सैल सोडतो, धार आपल्याला उचलते आणि नेते. तसाच मी सैल पडून राहिलो. लाट आली, बोर्डाची शेपटी उचलली, मग नाक उचललं आणि माझ्या खालून निघून गेली. मी जागच्या जागी. शिकवणारा पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. तो हसू दाबत म्हणाला, "सर, वो आपको लेके नहीं जाएगी. आपको उसके साथ जाना पड़ेगा."

सगळा घोळ इथं आहे. आपण पुराच्या पाण्यालाही लाट म्हणतो, समुद्राच्या पाण्यालाही लाट म्हणतो, आणि दोन्ही माणसाला वाहून नेतात असं धरून चालतो. नदीत असतो तो लोंढा. समुद्रात असते ती लाट. दिसायला दोन्ही पळतं पाणीच, पण पळतं ते काय, इथं फरक पडतो.

नारळ घ्या. पूर आला की कृष्णामाईची ओटी भरतात. घाटावरून सोडलेला नारळ दोन गटांगळ्या खातो, धारेला लागतो आणि बघता बघता हरिपूरच्या दिशेनं दिसेनासा होतो. वाटेत एखाद्या पोरानं सूर मारून पकडला नाही, तर संगमावर वारणेला भेटून पुढं कर्नाटकात. ज्या पाण्यावर तो बसला, तेच पाणी त्याला घेऊन गेलं. महाबळेश्वरला पडलेला पाऊस खरोखर, अंगानिशी, सांगलीच्या पुलाखालून जातो. उतार आहे म्हणून तो खाली येतो, बाकी काही नाही.

आता नारळी पौर्णिमेचा नारळ. किनाऱ्याशी फेसात टाकला तर तुमच्याच पायाशी परत येतो. पण होडीतून आत जाऊन, लाटा फुटतात त्याच्या पलीकडं सोडला तर? लाट आली की तो वर चढतो, थोडा पुढं सरकतो. लाट पुढं गेली की खाली उतरतो, थोडा मागं येतो. म्हणजे एक गिरकी घेतो. दहा लाटा गेल्या तरी नारळ जवळजवळ होता तिथंच. वारा त्याला थोडा हलवेल, भरती-ओहोटी हलवेल, लाट मात्र नाही. जतकडं शाळू कणसात आल्यावर शेतावरून वारा जाताना बघा. बांधापासून बांधापर्यंत लाट धावत जाते, ताट मात्र मुळाशी जागच्या जागी उभं. समुद्रात असंच आहे. प्रवास करतो तो जोर. दूर दक्षिणेला हिंदी महासागरात वादळी वाऱ्यानं पाण्याला दिलेला जोर हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्याला येतो. पाणी गोव्याचं होतं ते गोव्यालाच.

म्हणून दोन्हीकडं आकडेही वेगळे विचारतात. सांगलीत एकच प्रश्न : आयर्विनला किती? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ मध्ये ५७ च्या वर गेलं तेव्हा आकडा विचारायला कुणी पुलावर येऊच शकत नव्हतं. लाटेला दोन आकडे लागतात : किती फूट आणि किती सेकंद. सेकंद म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी यायला लागणारा वेळ. मला आधी हा दुसरा आकडा फालतू वाटायचा. खरा महत्त्वाचा तोच. खोल समुद्रात दहा सेकंदांच्या लाटा एकमेकींपासून साधारण १५६ मीटर लांब असतात आणि ताशी ५६ किलोमीटरच्या वेगानं येतात. वाऱ्यानं जवळच उठवलेल्या चार-पाच सेकंदांच्या लाटा नुसत्या खळबळीच्या. तीन फूट उंची दोन्हींची असेल, पण एक अंगावर ढकलगाडी आल्यासारखी आणि दुसरी मालट्रक.

ताशी ५६ च्या वेगानं येणाऱ्या गोष्टीला माणूस हातांनी पोहून कसा गाठणार? गाठत नाहीच. किनाऱ्याशी तळ वर येतो, लाटेचे पाय तळाला लागतात आणि ती मंदावते. कमरेएवढ्या पाण्यात तिचा वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास उरतो, म्हणजे मारुती रोडवरची सायकल. मागच्या लाटा जवळ येतात, उंची वाढते, आणि उंबऱ्याला ठेच लागलेल्या माणसासारखा तिचा वरचा भाग पुढं कोसळतो. एक मीटरची लाट साधारण सव्वा-दीड मीटर पाण्यात फुटते. ती फुटायच्या आधीचे दोन-तीन सेकंद एवढाच सर्फिंगचा मामला. पुढची बाजू उभट झालेली असते, त्या उतारावरून बोर्ड घसरतो. म्हणजे जोर लाटेचा असला तरी घसरगुंडी आपली, आणि गंमत अशी की टेकडीच पुढं चालत असते, त्यामुळं उतार संपत नाही. फक्त ती येऊन पोचेपर्यंत आपला थोडा वेग हवा. चार-पाच जोरदार हात आधी मारायचे. मी सैल पडून राहिलो म्हणून ती खालून गेली. हात मारले असते तर खांद्यावर घेतलं असतं.

ह्याच्या बरोब्बर उलटा प्रकार जर्मनीत म्युनिक शहरातला. तिथं आईसबाख नावाचा इसार नदीचा एक कालवा आहे, पुलाखालून जोरात बाहेर पडतो आणि तिथं पाण्याची एक उभी घडी पडायची. २०२५ च्या शेवटी मात्र कालव्याच्या सफाईनंतर ती मोडली. लोक १९७० च्या दशकापासून तिच्यावर बोर्ड घेऊन उभे राहायचे. २०१० पासून त्याला अधिकृत परवानगी मिळाली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब. तिथं पाणी पळायचं आणि लाट जागेवर उभी. सर्फर प्रवाहाकडं तोंड करून तिच्यावर डावी-उजवीकडं घसरत राहायचा, पुढं कुठंच जायचा नाही, आणि पुलावर बघ्यांची गर्दी. हे ऐकल्यावर दोस्ताचे डोळे चमकले. "म्हणजे आपल्या बंधाऱ्यावर..."

नाही. इथं मी त्याला थांबवलं आणि वाचणाऱ्यांनाही थांबवतो. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी खाली जातं, वर येतं आणि पुन्हा भिंतीकडं वळतं. सांगलीचा असो, म्हैसाळचा असो, बरग्यांचा कुठलाही कोल्हापुरी बंधारा असो, पुरात त्याच्या पायथ्याशी अडकलेला ओंडका तासन्‌तास तिथल्या तिथं गरगरताना आपण सगळ्यांनी पाहिलाय. लोंढा निदान पुढं तरी नेतो. हे पाणी सोडतच नाही, आणि पट्टीचा पोहणाराही तिथं ओंडक्यासारखाच. बोर्ड त्याला बांधलेला असेल तर अजून वाईट. शिवाय भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यातल्या मगरी आहेतच, तो वेगळा विषय.

आता एक गोष्ट माझ्या बाजूची. समुद्रातही लोंढा असतो, आणि तिथं कृष्णेचं पोहणं कामाला येतं. लाटा फुटून किनाऱ्याकडं ढकललेलं पाणी परत तर जायला हवं. वाळूच्या दांड्यात जिथं खळगा असेल तिथून ते एका पट्ट्यानं समुद्राकडं पळतं. रिप म्हणतात त्याला. फसवं असं की तो पट्टाच सगळ्यात शांत दिसतो : दोन्हीकडं फेस आणि मधे काळपट, गुळगुळीत पाणी. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या शहाणपणानं तिथूनच आत निघालो होतो. पोरानं घोट्याला बांधलेली दोरी धरून मागं ओढलं. मग वाळूवर काडीनं रेघा मारून दाखवलं. रिप माणसाला खाली ओढत नाही, आत नेते. मरतो तो घाबरून, किनाऱ्याकडं तोंड करून दमेपर्यंत हात मारणारा. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, पट्ट्याच्या बाहेर पडायचं. दमलात तर तरंगत राहून हात वर करायचा. मी म्हटलं, हे मला आठव्या वर्षी शिकवलंय. धारेला छाती द्यायची नाही, तिरकं कापायचं आणि खालच्या घाटाला निघायचं. फरक इतकाच की कृष्णेचा लोंढा कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागरापर्यंत थांबत नाही. रिप लाटा फुटतात त्याच्या थोडं पलीकडं जाऊन विरते. चांगले सर्फर तर तिचा फुकटच्या रिक्षासारखा वापर करून आत जातात. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये.

तर पोहणाऱ्याला सर्फिंग आपोआप येत नाही, पण तोटाही नाही. सर्फिंग जगभर पोचवणारा हवाईचा ड्यूक काहानामोकू हा मुळात पोहण्यातला ऑलिंपिक विजेता. १९१२ ला स्टॉकहोममध्ये १०० मीटरचं सुवर्ण त्याचं. दंड दोन्हीकडं तेच लागतात. बदलावा लागतो तो अंगातला हिशेब.

आणि तो हिशेब बदलण्यातच मजा आहे. मी बेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागलो. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळं मोजायची सवय. दोन तास पाण्यात असतो, त्यातला उभा राहिल्याचा सगळा वेळ जोडला तर एक मिनिट भरणार नाही. उरलेला वेळ पडणं, बोर्ड ओढत परत आत जाणं, आणि वाट बघणं. वाट बघण्याला मी आधी वाया गेलेला वेळ समजायचो. फेसाच्या पलीकडं बोर्डवर दोन्हीकडं पाय सोडून बसायचं, लहानपणी नदीत म्हशीवर बसायचो तसं. खालून लाटा जातात, बोर्ड वर-खाली होतो. लाटा कळपानं येतात. मधे पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग क्षितिजावर एक रेघ गडद होते. मग तिच्यामागं दुसरी. आजूबाजूला बसलेले चार लोक बोलता बोलता गप्प होतात आणि एकेक जण बोर्ड वळवायला लागतो. पुरात उडी मारण्याचा थरार मोठा आहे, मी नाकारत नाही. पण तिथं उडी मारायचं ठरवलं की पुढचं सगळं नदी ठरवते. इथं प्रत्येक लाटेला नव्याने ठरवावं लागतं : ही घ्यायची, की सोडायची. मी अजून बहुतेक सोडतो. सोडतानाही बरं वाटतं, हे बायकोला पटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक लाट मिळाली. फुटलेली, फेसाची, पोरांसाठीची. हात मारले, शेपटी उचलली गेली, आणि ह्या वेळी बोर्ड सुटला. गुडघ्यावर आलो, मग पायांवर. बोर्डाच्या खालून रवाळ आवाज येत होता, तवा घासताना येतो तसा. पाय थरथरत होते. बघायला कुणी नव्हतं. शिकवणारा पोरगा दुसऱ्याच कुणाला पाण्यातून वर काढत होता. मोजून चार सेकंद असतील. वाळूत नाक घासून थांबलो.

पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळलेला असतो, लाल बावटे लागलेले असतात, शिकणाऱ्याचं ते काम नव्हे. ऑक्टोबर उजाडला की लाटा माणसाळतात. ह्या खेपेला दोस्तही येतोय. मिरजेहून गोवा एक्सप्रेसची दोन तिकिटं काढलीत. परवा घाटाच्या पायऱ्यांवर बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पोहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न शेवटी विचारला : "ते ठीक आहे. पण तिथं बाहेर कुठं निघायचं?"

"जिथनं आत गेलो, तिथंच. दहा पावलं इकडं-तिकडं."

तो जरा वेळ पाण्याकडं बघत राहिला. "म्हणजे कपडे घेऊन खालच्या घाटाला पळायला कुणी नको," तो म्हणाला. "मग धाकट्याला कशाला न्यायचं? त्याचं तिकीट वाचलं."