फिशटँकचा दिवा कंपनीने बंद केला तर

टी-८ ही जुनी ट्यूबलाइट साधारण २६ मिलिमीटर जाडीची, टी-५ ट्यूब १६ मिलिमीटरची. फिशटँकच्या झाकणात वर्षानुवर्षे याच दोन असत. ऑगस्ट २०२३पासून युरोपीय संघात त्या नव्याने बाजारात आणायला बंदी आली. त्याच वर्षी मिनामाटा करारातल्या (पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) देशांनी २०२७पर्यंत त्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायचे ठरवले. भारतही या करारात आहे. कारण आहे ट्यूबमधला काही मिलिग्रॅम पारा. त्यामुळे आज परभणी-हिंगोलीत बसून टाकीच्या झाकणात नेमकी बसेल अशी ट्यूब शोधणे म्हणजे दिवसेंदिवस कठीण होत जाणारे काम.

जुन्या ट्यूबवर कंपनीचे नाव असते, पण उपयोग होतो तो आकड्यांचा. लांबी, पिनांमधले अंतर (टी-८मध्ये १३ मिलिमीटर, टी-५मध्ये ५), वॅट आणि रंगाचे तापमान (प्रकाशाची छटा सांगणारा केल्विनमधला आकडा) लिहून ठेवावे. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतींना ६५०० केल्विनचा साधा पांढरा एलईडी पुरतो. हरितद्रव्य प्रामुख्याने ४३० ते ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६४० ते ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषते, आणि पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात. वनस्पतींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या दिव्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना आधी प्लग काढावा. स्टार्टर काढावा आणि चोक वगळून वायर थेट जोडावी. ट्यूबवरची आकृती नीट पाहावी: काहींना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांवर लागतात, काहींना दोन टोकांवर. एका टोकाच्या होल्डरचे दोन्ही संपर्क आतून एकमेकांना जोडलेले असतील आणि तिथेच फेज-न्यूट्रल दिले तर थेट शॉर्ट होतो. दोन टोकांच्या प्रकारात एक टोक बसवून दुसरे हातात धरले तर पिनेतून झटका बसू शकतो. वायर टाकीखाली झोक्यासारखी लोंबती ठेवून मग वर प्लगकडे न्यावी, म्हणजे पाण्याचे थेंब खालीच गळतात. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या कामाला हातच लावू नये.

एलईडीचा दिवाच बंद पडला आणि कंपनीने तो बनवणेही सोडले असेल, तर तो लगेच भंगारात देऊ नका. बहुतेक वेळा एलईडी शाबूत असतात, जळतो तो ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) किंवा अडॅप्टर. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना बंद झाकणाच्या आत काय होत असेल, विचार करा. म्हणून ड्रायव्हर झाकणाबाहेर, हवेशीर जागी काढावा.

नवा घेताना लेबल वाचावे. '१२ व्होल्ट डीसी, २ अँपियर' असेल तर १२ व्होल्टचे, २ किंवा जास्त अँपियरचे कोणतेही अडॅप्टर चालते. फक्त जॅकचा आकार आणि मधल्या पिनेचा धन-ऋण जुळवावा. लेबलवर '३०० मिलिअँपियर, २४ ते ४२ व्होल्ट' असे असेल तर तो स्थिर करंटचा ड्रायव्हर. तिथे करंट तेवढाच हवा आणि व्होल्टचा पल्ला जुन्या दिव्याला पुरा पडला पाहिजे. अशा दिव्याला स्थिर व्होल्टचे अडॅप्टर दिले तर एलईडी तापतो, तापल्यावर त्याला कमी व्होल्ट लागतात, म्हणून करंट वाढतो, अजून तापतो आणि काही वेळात जळतो. ही चूक फार महागात पडते.

नवा दिवा लावल्यावर शेवाळ येणे नेहमीचेच. ट्यूबचा निम्मा प्रकाश वर जाऊन परावर्तकावर आपटतो, एलईडीचा जवळजवळ सगळा खाली येतो. म्हणजे कमी वॅटमध्येही टाकीत प्रकाश वाढतो. पहिले दोन आठवडे रोज ५ ते ६ तास पुरे. नंतर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत ८ तासांवर थांबावे. भारनियमनात साधा यांत्रिक टायमर मागे पडतो, आतली बॅटरी असलेला घ्यावा. बोअरच्या जड पाण्याचे शिंतोडे उडून दिव्याखालच्या काचेवर पांढरा क्षार बसतो आणि प्रकाश अडवतो. दिवा बंद करून काच काढून घ्यावी, व्हिनेगरमध्ये निम्मे पाणी घालून पुसावी आणि धुऊन परत ठेवावी.

काढलेली ट्यूब कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. फुटलीच तर खिडक्या उघडून सगळ्यांनी काही मिनिटे खोलीबाहेर जावे. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नये. जाड कागदाने काचा उचलून, ओल्या कागदाने पुसून, ते सगळे झाकणाच्या बरणीत भरावे.