महाराष्ट्रातील कांद्याचे हंगाम आणि वाणांची निवड

महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत घेतात: खरिपाचा पोळ, उशिरा खरिपाचा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ. एका हंगामाचे वाण दुसऱ्या हंगामात लावले तर पात जोमाने वाढूनही कांदा पोसत नाही, किंवा पोसला तरी टिकत नाही. म्हणून वाण आणि लागवडीची वेळ एकत्रच ठरवावी लागते.

कांदा पोसण्यासाठी दिवस ठरावीक लांबीचा लागतो आणि त्याला तापमानाची जोड लागते. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. येथील वाणे या लहान दिवसांत पोसतात. युरोपातील अनेक वाणांना १४ तासांहून मोठा दिवस हवा असतो, त्यामुळे परदेशातून हौसेने आणलेले बी येथे नुसती पातच देते.

पोळ कांद्याचे बी मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) टाकतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये रोपांची लागण करतात. एन-५३, बसवंत-७८० आणि भीमा सुपर ही या हंगामाची वाणे. दमट हवेत करपा हा पातीचा रोग झपाट्याने पसरतो, म्हणून पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत पोळ कांदा लावणे हा निव्वळ जुगार ठरतो. हा कांदा साठवणीत फार टिकत नाही, काढल्यावर लवकर विकावा लागतो.

रांगड्याचे रोप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाकतात. त्याची खरी अडचण थंडीची आहे. रोप पुरेसे थोराड झालेले असताना थंडीत सापडले, की डेंगळे (फुलांचे दांडे) निघतात आणि कांद्याला मधोमध कडक दांडा धरतो. जोड कांदेही याच हंगामात जास्त येतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा शक्ती हे वाण रांगडा आणि रब्बी या दोन्ही हंगामांसाठी शिफारस केलेले आहे.

उन्हाळ कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकून डिसेंबर-जानेवारीत लागण होते. एन-२-४-१, भीमा किरण आणि शेतकऱ्यांनी स्वतः राखलेली गावठी वाणे यासाठी वापरतात. थंडीत पात वाढते, पुढे उन्ह चढते तसा कांदा पोसतो आणि एप्रिलच्या सुमारास माना पडतात, म्हणजे पात मुळाशी कलंडून कांदा काढणीला येतो. लागण लांबली तर पोसण्याचा काळ कडक उन्हात जातो आणि कांदा बारीक राहतो. चांगला सुकवलेला उन्हाळ कांदा हवेशीर चाळीत (कांदा साठवण्याच्या शेडमध्ये) पाच-सहा महिने टिकतो. पावसाळ्यात राज्याच्या स्वयंपाकघरांना मुख्यतः हाच कांदा पुरतो, म्हणून तिन्ही हंगामांत वाणाची सर्वाधिक काळजी येथे घ्यावी.

कोकणात पावसाळ्यात शेत भाताचे असते. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत सौम्य चवीचा पांढरा कांदा घेतात. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो काढून सुकवतात आणि पातीसकट वेण्या घालून माळांनी विकतात.