फॉर्मॅटिंगची तपासणी आणि तुलना (वर्ड प्रोसेसर)

वर्ड प्रोसेसरमधल्या मजकुराला कोणता फॉन्ट, आकार, इंडेंट (समासापासून आत सोडलेली जागा), ओळींमधले अंतर वा स्टाइल (नाव देऊन साठवलेला फॉर्मॅटिंगचा संच) लागली आहे आणि ती कुठून लागली, हे पाहणे, तसेच दोन ठिकाणच्या फॉर्मॅटिंगमधला फरक काढणे. प्रबंध, स्मरणिका किंवा अनेकांनी मिळून लिहिलेला अहवाल एकसारखा करताना हे काम टळत नाही, कारण पडद्यावर सारखे दिसणारे दोन परिच्छेद आतून अगदी वेगळे असू शकतात.

विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात वर्डपरफेक्ट या वर्ड प्रोसेसरने यावर सरळ उपाय दिला होता. ‘रिव्हील कोड्स’ उघडले की पडदा विभागला जाई आणि खालच्या भागात बोल्ड कुठे सुरू झाला, कुठे संपला, याच्या खुणा मजकुरातच दिसत. मायक्रोसॉफ्ट वर्डची रचना निराळी असल्याने तिथे असा पडदा जमत नाही. वर्डमध्ये मूळ सेटिंग, परिच्छेदाची स्टाइल, अक्षरांची स्टाइल आणि हाताने थेट केलेले बदल असे थर एकावर एक बसतात. परिच्छेदाचे फॉर्मॅटिंग तर शेवटच्या एंटरच्या खुणेत साठवलेले असते. ती खूण पुसली की दोन परिच्छेद जुळतात आणि त्यांतल्या एकाचे रूप बदलते.

विंडोजवरच्या वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ१ दाबल्यावर बाजूला ‘रिव्हील फॉर्मॅटिंग’चे पॅनेल उघडते. त्यात फॉन्ट, परिच्छेद आणि सेक्शन (स्वतंत्र पानरचना असलेला फाइलचा भाग) यांची माहिती गटवार मिळते. निळ्या दुव्यावर क्लिक केले की त्या गुणधर्माची खिडकी उघडते. खालचा ‘डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स’ हा पर्याय फार थोडे लोक वापरतात, पण पॅनेलमधली सर्वांत मोलाची सोय तीच. कोणती गोष्ट स्टाइलमधून आली आणि कोणती कुणीतरी हाताने लावली, हे तिच्यामुळे कळते.

तुलनेसाठी आधी एक मजकूर सिलेक्ट करून ‘कम्पेअर टू अनदर सिलेक्शन’वर खूण करायची आणि मग दुसरा सिलेक्ट करायचा. पॅनेलमध्ये फक्त फरक उरतो. समजा, दोन परिच्छेदांखाली सारखीच मोकळी जागा दिसते आहे. पॅनेल मात्र ‘आफ्टर: १० पॉइंट’पुढे बाण काढून ‘० पॉइंट’ दाखवते. म्हणजे पहिल्याखालचे अंतर सेटिंगमधून आले आहे आणि दुसऱ्याखाली रिकामा एंटर मारला आहे. पान बदलले की हाच एंटर नव्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसतो. दोन अख्ख्या फायलींची तुलना रिव्ह्यू टॅबवरच्या ‘कम्पेअर’ने होते; त्यात फॉर्मॅटिंगमधले बदलही धरता येतात.

लिब्रेऑफिस रायटर या मोफत वर्ड प्रोसेसरमध्ये २०२१च्या ७.१ आवृत्तीपासून ‘स्टाइल इन्स्पेक्टर’ आहे. परिच्छेदाची स्टाइल, त्यावरचे थेट बदल, अक्षरांची स्टाइल आणि त्यावरचे थेट बदल असे चार गट त्यात दिसतात.

मराठी मजकुरासाठी एक गोष्ट मुद्दाम पाहावी लागते. या दोन्ही प्रोग्रॅममध्ये रोमन आणि देवनागरी अक्षरांचा फॉन्ट व आकार वेगवेगळा साठवला जातो. वर्डच्या पॅनेलमध्ये फॉन्टच्या नावाआधी ‘डिफॉल्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स’ असे शब्द दिसतात, त्यातला ‘कॉम्प्लेक्स’ देवनागरीचा. मराठी वाक्यातला एखादा इंग्रजी शब्द लहान किंवा मोठा दिसत असेल, तर बहुधा या दोन नोंदी जुळत नसतात.

नको असलेले थेट बदल काढायला वर्डमध्ये अक्षरांसाठी कंट्रोल-स्पेस आणि परिच्छेदासाठी कंट्रोल-क्यू, तर रायटरमध्ये कंट्रोल-एम वापरतात. त्याआधी फॉन्टचे नाव तपासावेच. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. अशी फाइल सबंध सिलेक्ट करून कंट्रोल-स्पेस दाबली आणि फॉन्ट थेट लावलेला असला, तर मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. लगेच अनडू केले तर ठीक. नाहीतर कोणत्या तुकड्याला कोणता फॉन्ट होता, ते एकेक करून शोधून पुन्हा लावावे लागते. म्हणून अशी फाइल आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी आणि साफसफाई त्यानंतर करावी.