वार लावून जेवणे

वार लावून जेवणे : शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या गरीब मुलाने आठवड्याचे सात वार सात घरी बांधून घेऊन जेवण्याची महाराष्ट्रातील पद्धत. एकोणिसाव्या शतकात ती पुण्यात चांगली रुळलेली दिसते; विसाव्याच्या मध्यानंतर हळूहळू मागे पडली.

माधुकरी (घरोघर मागून आणलेली शिजवलेल्या अन्नाची भिक्षा) आणि वार एकच, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. ब्रह्मचाऱ्याने भिक्षेवर राहावे, रोज एकाच घरचे अन्न खाऊ नये, असे मनुस्मृती (२·१८८) सांगते. दोन्ही चालींचे मूळ बहुधा तेथेच असावे. ‘माधुकर’ ही संज्ञा मात्र यतिधर्मातली, म्हणजे संन्याशांच्या आचारनियमांतली. भैक्षाच्या (भिक्षान्नाच्या) पाच प्रकारांत तिचे लक्षण असे : आधी मनात न योजलेल्या तीन, पाच वा सात घरांतून मधमाशीसारखे थोडे थोडे घेणे. वारात घर ठरलेले असते आणि मुलगा तेथेच पानावर बसतो. माधुकरीत तो अन्न झोळीतून आणतो. विद्यार्थ्यांच्या माधुकरीतही घरे पुढे ठरून गेली हे खरे. तरी वार ही स्वतंत्र चाल मानणे अधिक सयुक्तिक.

हा भेद मुलांच्या पोटाला नेमका कळे. यजमानांकडे सुतक आले की दहा दिवस घर बंद. एक वार बुडे, कधी दोन. बिऱ्हाड गावी गेले, घरची बाई आजारी पडली, तरी तेच. सातवा वार मिळालाच नाही, तर त्या दिवशी उपास. माधुकरीत पाचांतले एक दार बंद राहिले तरी चार उरत. म्हणून एका खोलीतली मुले दोन्ही जोडून चालवीत : ज्याचा वार रिकामा, तो सोबत्याच्या झोळीत जेवे. पोळ्या-भाकरी एकीकडे, भात एकीकडे, पाच घरच्या आमट्या एकाच भांड्यात मिसळलेल्या. दूध आंबट आमटीत पडले तर नासे, म्हणून ते वेगळ्या गडव्यात. उन्हाळ्यात भात संध्याकाळपर्यंत आंबतो. तो आधी वाटून संपवायचा, भाकरी रात्रीला ठेवायची. घरापासून तुटलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला खरा धीर या वाटणीने दिला. यजमानाच्या पानावर तो कितीही झाले तरी परकाच असे.

वार मुख्यतः ब्राह्मण मुलांनाच मिळत. इतरांना ती दारे उघडी नव्हती. त्यांची सोबत वसतिगृहांतून उभी राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. सोलापुरात डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये वसतिगृह काढले. भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील बोर्डिंगात (१९२४) सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत; स्वयंपाक, पाणी, झाडलोट आपली आपणच करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही.