पुण्यात ॲडमिशन झालं पण सरकारी हॉस्टेल नाही मिळालं? स्वाधारचा फॉर्म असा भरा

दरवर्षी बीड, हिंगोली, यवतमाळकडची पोरं पुण्यात ॲडमिशन घेतात, समाजकल्याणच्या वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही, मग कॉट बेसिसचं भाडं आणि मेस घरच्यांना झेपत नाही आणि शिक्षण अर्धवट सुटतं. यातल्या बऱ्याच जणांना स्वाधार, म्हणजे वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी सरकारी योजना, मिळू शकते, फक्त कागद वेळेत जमत नाहीत. म्हणून सांगतो, गावाकडून निघायच्या आधीच फाईल तयार करा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षाला ६०,००० मिळतात, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांना साहित्यासाठी ५,००० जास्तीचे, बाकीच्यांना २,०००. महिन्याला पाच हजारात पुण्यात सगळं भागत नाही, पण मेस आणि भाड्यातला मोठा भाग निघतो, आणि शेतमजुराच्या घरात तेवढ्यानेच पोरगं टिकतं की परत येतं ते ठरतं.

आपल्याच पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या जिल्ह्यांचा अनुशेष, म्हणजे कुठला जिल्हा विकासात किती मागे राहिला ते, मोजून दाखवला होता. पुढे १९९४ ला विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं आली, त्यांची मुदत एप्रिल २०२० ला संपली, आणि चांगल्या कॉलेजसाठी पोरांना आजही पुणंच गाठावं लागतं. स्वाधार काही विभागाप्रमाणे वाटलेली योजना नाही, पण तिची एक अट मला फार महत्त्वाची वाटते, विद्यार्थी कॉलेजच्या शहरातला रहिवासी नसावा. म्हणजे पैसा घर सोडून आलेल्यालाच मिळतो.

बाकी अटी अशा की महाराष्ट्राचा रहिवासी पाहिजे, पालकांचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के (दिव्यांगांना ४०), आणि मान्यताप्राप्त कॉलेजात नियमित प्रवेश. नुसती अभ्यासिका लावून एमपीएससी करणाऱ्यांना यात बसता येत नाही. सरकारी वसतिगृहात जागा मिळालेल्यांनाही नाही.

कागद: जातीचा दाखला, तहसीलचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजचं बोनाफाईड, बँक पासबुक, आणि आपण स्थानिक नाही, वसतिगृहात राहत नाही याचं शपथपत्र. पहिले तीन गावाकडच्या सेतू किंवा आपले सरकार केंद्रातूनच काढून आणा, एका दाखल्यासाठी पुण्यातून परत जायचं म्हणजे भाडंही जातं आणि कॉलेजही बुडतं.

खरी अडचण भाड्याच्या कागदाची होते. सदाशिव पेठ, नवी पेठेत एका खोलीत चार कॉट, मालक करारनामा करून देत नाही, पावती मागितली तर टाळतो. डिपॉझिट द्यायच्या आधीच विचारून घ्या, करारनामा नाहीतर सही-शिक्क्याचं पत्र देणार का, आणि मेसची बिलंही पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा.

दुसरी अडचण बँकेची. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, फॉर्ममध्ये कोणतं पासबुक लावलं त्यावर नाही. पुण्यात नवीन खातं उघडलं आणि आधार सीडिंग (आधार खात्याला जोडणं) गावाकडच्याच खात्याला राहिलं तर हप्ता तिकडे जातो, आणि ते खातं बंद असेल तर अडकतो. बँकेत जाऊन सीडिंग कुठल्या खात्याला आहे ते बघा, आणि आधार-मार्कशीटवरचं नावही अक्षर न अक्षर जुळतंय का ते तपासा.

फॉर्म एचमास (HMAS) या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, वसतिगृहाचा अर्जही तिथंच असतो, तो टाळू नका कारण ही योजना वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच आहे. प्रिंट आणि झेरॉक्स सेट ठेवा, पडताळणीचं काम विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या ऑफिसात चालतं. शेवटची तारीख दरवर्षी बदलते, मागच्या वर्षीची धरून बसू नका. फॉर्म मंजूर झाला तरी हजेरी ७५ टक्के लागते, आणि पैसे हप्त्यात येतात, बरेचदा उशिरा, त्यामुळे सुरुवातीच्या दोन-चार महिन्यांची सोय वेगळी करूनच या.

ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास) वाल्यांसाठी अशीच सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम. त्यांचं ऑफिस वेगळं, कागद मात्र बरेचसे हेच.