फेस्ट-नोज

फेस्ट-नोज म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतात गावोगाव होणारा रात्रीचा सामुदायिक नाच. ब्रेटन भाषेत नावाचा अर्थच रात्रीचा उत्सव, आणि दुपारी ठेवला तर त्याला फेस्ट-देझ म्हणतात. फ्रेंच लोकनृत्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जरीकाम केलेले पोशाख, पांढऱ्या लेसच्या टोप्या आणि स्टेजवर रांगेत नाचणारी मंडळी येतात, पण ते वेगळं प्रकरण आहे. ते काम 'सेर्कल सेल्तिक' नावाच्या नृत्यमंडळांचं. फेस्ट-नोजला लोक जीन्स आणि टीशर्ट घालून येतात, दारात तिकीट घेतात, हातावर शिक्का मारून घेतात आणि सरळ हात धरून नाचणाऱ्यांच्या साखळीत शिरतात. बघे असतातच, पण ते कडेला बाकावर बसून सायडर (सफरचंदाची दारू) पीत पुढच्या नाचाची वाट बघणारे. २०१२ मध्ये युनेस्कोने याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्या नोंदीनुसार वर्षाला साधारण एक हजार फेस्ट-नोज होतात आणि एकेकाला शंभरापासून काही हजारांपर्यंत माणसं जमतात.

याचं मूळ शेतीच्या कामात आहे. मध्य ब्रिटनीत बटाटे काढणं, बीट उपटणं, मळणी अशी कामं शेजारपाजारचे मिळून करायचे, मजुरी नाही, आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, आणि दिवसभर राबून झालं की घरधन्याने जेवण आणि सायडर द्यायचं आणि मग अंगणात नाच. त्यातला सगळ्यात मजेदार प्रकार म्हणजे 'लर नेवेझ', म्हणजे नवं खळं. मळणीचं खळं किंवा घराची जमीन नवीन करायची असली की चिकणमाती आणून पसरायची, पाणी मारायचं आणि गावाला नाचायला बोलवायचं. शेकडो पाय तासन्‌तास एका तालात आपटले की जमीन आपोआप टणक होते, वर धुमस फिरवायची फार गरज उरत नाही. लाकडी बुटांनी तर आणखी चांगलं काम व्हायचं. मध्य ब्रिटनीच्या नाचांत पाय इतके जमिनीला धरून का असतात याचं एक कारण यात असावं असं मला वाटतं, पण ते पूर्ण कारण नक्कीच नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे सगळं आटत गेलं. यंत्रं आली तशी एकत्र कामं कमी झाली, तरुण पोरं पॅरिसला गेली, आणि जी उरली त्यांना अकॉर्डियनवरचे जोडीचे नाच जास्त आवडायला लागले. चर्चचाही नाचावर राग होताच, विशेषतः जोडीच्या नाचावर, त्याला ब्रेटनमध्ये 'पोटाला पोट' असं खवचट नाव होतं आणि अकॉर्डियनला पाद्री लोक सैतानाची पेटी म्हणायचे. १९५० च्या दशकात पुलाउएन गावच्या लोएझ रोपार्स नावाच्या माणसाने (१९२१-२००७) ठरवलं की शेतावरचा नाच उरला नसेल तर तो गावच्या हॉलमध्ये आणायचा. त्याने म्हाताऱ्या गायकांना शोधून काढलं, त्यांच्या स्पर्धा घेतल्या आणि तिकीट लावून संध्याकाळी नाच ठेवले. म्हणजे आज जो फेस्ट-नोज दिसतो तो या काळात नव्याने मांडलेला आहे, नाच आणि गाणी जुनी पण हॉल, स्टेज, तिकीट आणि शनिवारची रात्र ही सगळी नवी जोड. काही लोक यावरून 'मग ही खरी परंपरा कशी' असा वाद घालतात, मला तो वाद फारसा कामाचा वाटत नाही कारण नाचणाऱ्यांची साखळी मध्ये फार वर्षं तुटलीच नव्हती, शिकवणारे जिवंत होते.

संगीताकडे वळलं की कळतं की यातली प्रत्येक गोष्ट एकाच हिशेबाने बांधलेली आहे, नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. उत्तम उदाहरण म्हणजे 'कान हा दिस्कान' ही गायकी. दोन माणसं, वाद्य काहीच नाही. पहिला, म्हणजे कानेर, एक ओळ म्हणतो. ओळ संपत आली की शेवटच्या दोनतीन अक्षरांवर दुसरा, दिस्कानेर, आवाज मिसळतो आणि तीच ओळ परत म्हणतो, आणि त्याचं संपत येताना पहिला पुन्हा त्याच्या शेपटीवर येऊन पुढची ओळ उचलतो. जोडावर दोघांचा आवाज एकत्र असतो त्यामुळे मध्ये शांतता पडतच नाही, एकजण श्वास घेतो तेव्हा दुसरा गातोय, आणि वीस मिनिटं एकसारखा ताल चालू राहतो. शब्द युद्धावर गेलेल्या पोराचे असोत, फसवणाऱ्या गिरणीवाल्याचे असोत की दारुड्याचे, नाचणारा त्यातलं किती ऐकतो देव जाणे, पण सूर मात्र पायात उतरतो. या गायकीत ट्रेफ्रँ गावच्या ग्वादेक बहिणींचं नाव सगळे घेतात, वय झालेल्या या तीन बहिणी १९७० च्या दशकात पॅरिसच्या बोबिनो थिएटरातही गायल्या. शेतकरी असलेले मोर्व्हाँ बंधू १९५० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे कित्येक दशकं गात राहिले.

वाद्यांची जोडी पण याच युक्तीवर चालते. बोंबार्द हे आपल्या सनईसारखं दुहेरी पत्तीचं वाद्य आहे, आवाज तिखट आणि लांबवर जाणारा, पण वाजवणाऱ्याचे ओठ लवकर थकतात. त्याच्या सोबतीला 'बिन्यू कोज' ही छोटी मशकबीन (बॅगपाइप), ती बोंबार्दच्या एक सप्तक वर वाजते आणि पिशवीत हवा असल्याने तिला थांबावं लागत नाही. बोंबार्द एक ओळ वाजवतं आणि गप्प बसतं, बिन्यू तीच ओळ एकटं पुन्हा वाजवतं, मग बोंबार्द परत येतं. मध्य ब्रिटनीत जुन्या क्लॅरिनेटचीही परंपरा आहे, त्याला तिथले लोक कोबीचा दांडा म्हणतात. आता अकॉर्डियन, फिडल, गिटार, बास, ड्रम असं सगळं असतं, काही बँड तर सरळ रॉकच्या आवाजात वाजवतात, आणि त्याच रात्री त्यांच्यानंतर दोन गायक माईकपुढे उभे राहिले तरी हॉल तितकाच नाचतो. सैतानाची पेटी तर केव्हाच घरची होऊन बसली.

नाच गावागणिक बदलतात आणि जाणकार लोक पावलावरून कुठला माणूस आहे ते सांगतात. नवख्याला सोपा म्हणजे वान भागातला 'आन द्रो'. सगळ्यांनी एकमेकांच्या करंगळ्या अडकवायच्या, साखळी डावीकडे सरकते. डावा, उजवा, डावा असं करत डावीकडे जायचं आणि उजवा, डावा, उजवा हे जागच्या जागी. पाय एवढंच करतात, पण त्याचवेळी हात आधी छातीकडे गोल फिरत वर येतात आणि मग उलटे फिरत खाली जातात. पहिली पाच मिनिटं हात आणि पाय भांडतात, मग कधीतरी एकदम बसतं. 'हांतेर द्रो' मध्ये बाजूच्यांचे दंड घट्ट धरतात. प्लिन हा जास्त अंग मोडणारा, दंडात दंड अडकवून उड्या. डोंगराळ मध्य भागातल्या गावोतचा तर संच असतो, आधी जोरात गावोत, मग दम घ्यायला हळू चालीचा तुकडा, मग परत गावोत. गायकांचे शब्द तसेच सूरही तुकड्यातुकड्याने बदलतात.

१९७२ साल या सगळ्यासाठी मोठं ठरलं. त्या वर्षी आलां स्तिव्हेल या ब्रेटन गायक-वादकाचा पॅरिसच्या ओलिंपिया सभागृहातला कार्यक्रम गाजला, ब्रेटन संगीत ऐकणारी तरुण पिढी तयार झाली, आणि त्याच वर्षी जुन्या गायकांची ध्वनिमुद्रणं जमवणारी दास्तुम ही संस्था सुरू झाली. भाषेचा प्रश्नही यात गुंतलेला आहे, ब्रेटन माध्यमाच्या दिवान शाळा १९७७ पासून चालतात आणि त्यांच्यासाठी पैसे उभे करायला पालक फेस्ट-नोज ठेवतात, तिथे क्रेप आणि सॉसेज गुंडाळलेली गालेत ही पातळ धिरडी विकून गल्ला भरतो. खेड्यातून निघालेला हा प्रकार शहरातही पोचलाय, रेन शहरात नोव्हेंबरमध्ये याउआंक नावाचा मोठा फेस्ट-नोज होतो, आणि पॅरिसमध्येही, तिथल्या मोंपार्नास भागातल्या ब्रेटन वस्तीमुळे, फेस्ट-नोज होतात.

फ्रान्सच्या बाकी भागांतही असे नाच आहेत, ओव्हेर्नची बुऱ्हे, गास्कोनीचा रोंदो, बेरीत चाक फिरवून वाजणाऱ्या व्हिएल या वाद्यावरचे नाच. पण गावचा माणूस आठवड्याच्या शेवटी उठून तिथे नाचायला जातो हे प्रमाण ब्रिटनीइतकं कुठे नाही.

नवीन माणसाला दोन नियम माहिती असले की पुरे. साखळीच्या डाव्या टोकाला पुढारी असतो, त्याच्या पुढे जाऊन घुसायचं नाही, शेपटीला लागायचं किंवा मधल्या दोघांकडे बघून जागा मागायची, ते हात सोडतात. आणि एकदा धरला की तुकडा संपेपर्यंत हात सोडायचा नाही, नाहीतर मागच्या चाळीस जणांचं पाऊल चुकतं.